घाई नाही म्हणे

इतकं साधं वाक्य, आणि दुपारपासून डोक्यातून जात नाहीये.

लॉजवाल्या बाई चहा ठेवून गेल्या, परत आल्या, फोनमध्ये भराभरा काहीतरी बोलल्या. फोननं ते इंग्रजीत ऐकवलं: उद्या कधी निघणार? ह्यांनी फोन हातात घेतला, घसा खाकरला आणि सभेत सांगावं तसं सांगितलं, आम्हाला काही घाई नाही, पाऊस थांबला की बघू. फोननं तेही तुर्कीत ऐकवलं. बाई खूश. ह्यांच्या खांद्यावर थोपटून आत गेल्या आणि संत्र्यांची परडी घेऊन आल्या.

घाई नाही? ह्यांना?

लग्न झाल्यापासून मी ‘आटप’ एवढंच ऐकत आलेय. ‘अगं आटप, सात बेचाळीस जाईल.’ ‘अगं आटप, पहिली पंगत बसली.’ गडकरीला नाटक बघायला जायचं तर शेवटचा प्रवेश मी आजवर धड पाहिलेला नाही, कारण पार्किंगमधून गाडी आधी बाहेर काढायची. कोकणात जाताना दादरला गाडी लागायच्या आधी आम्ही फलाटावर, ट्रंकेवर बसलेलो. आईच्या वेळीसुद्धा, हॉस्पिटलात, ह्यांनी दोनदा घड्याळ बघितलेलं मी बघितलं. असो. ते इथे नको.

आणि आता, ह्या वयात, परक्या मुलखात, परक्या बाईला सांगतात की घाई नाही.

तुर्कस्थानच्या दक्षिण किनाऱ्यावर, कल्कान नावाच्या गावात आहोत. बाहेर पाऊस आहे, आणि दक्षिणेकडून तो लोदोस नावाचा वारा. थंडी बोचरी नाही, अकरा-बारा अंश असेल, पण ओल आहे, दगडी भिंतीतून आत येते. इथला पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. आपलं सगळं उलटं, त्यामुळे मला अजूनही वेळेचा अंदाज येत नाही. जानेवारीत हिरवंगार बघून सारखं श्रावण आल्यासारखं वाटतं. गाव जवळजवळ बंद आहे. बंदरावरच्या हॉटेलांच्या खुर्च्या एकावर एक रचून प्लास्टिकमध्ये गुंडाळल्यात. एका चहाच्या दुकानात तेवढी शेगडी पेटलेली असते आणि चार म्हातारे तवला खेळत असतात, सोंगट्या लाकडावर आपटून. हे तिथे जाऊन तासभर बसतात. खेळ कळत नाही, भाषा कळत नाही. बसतात.

हेच मला टोचतंय. माझ्याबरोबर इतकी वर्षं बसायला वेळ नव्हता.

चिरंजीव येणार होते, आले नाहीत. त्यांनीच तिकिटं काढली, गाडी बुक केली, ‘बाबा, सावकाश करा, समुद्र धरून अंतालियापर्यंत’ असं म्हणाले आणि स्टेशनवर सोडायलाही आले नाहीत. त्यावर मी काही लिहिणार नाही, सगळ्यांना माहीत आहेच. पण दालामानला उतरल्यापासून ह्यांनी तो ‘सावकाश’ इतका मनावर घेतलाय की मला काही सुचेना.

फेतियेजवळ कायाकोय बघितलं. डोंगरउतारावर शेकडो दगडी घरं, एकावरही छप्पर नाही. ग्रीक ख्रिस्ती लोकांचं गाव. 1923 साली ग्रीस आणि तुर्कस्थाननं माणसांची अदलाबदल ठरवली, तेव्हा इथली वस्ती उठली ती उठलीच. भिंतीत कोनाडे आहेत, चुलखंड आहे, एका घरात निळ्या रंगाचा पोपडा अजून धरून आहे. हे एका कोनाड्यासमोर किती वेळ उभे राहिले. आत हात घालून तळ चाचपला, बोटाला लागलेली माती बघितली, पुसली नाही. मी म्हटलं, चला, पाऊस येतोय. म्हणाले, ‘थांब गं जरा.’

मला वाटलं, काहीतरी आठवलं असेल. विचारलं नाही.

मग पतारा. तिथे तर मीच बसले. लिशियन संघाचं, म्हणजे प्राचीन काळी इथल्या नगरांनी मिळून केलेल्या संघाचं, सभागृह आहे, अर्धवर्तुळाकार दगडी बाकं, नीट डागडुजी केलेली. मोठ्या नगरांना तीन मतं, मधल्यांना दोन, लहानांना एक, असा त्यांचा हिशोब होता म्हणे. आमच्या सोसायटीत हे सुचवायला हवं. पतारा एके काळी मोठं बंदर होतं, वाळूनं ते बुजवून टाकलं. आता तिथे दलदल, लव्हाळी आणि शेळ्या. पलीकडे कोसभर नाही, कित्येक कोस किनारा, आणि त्या वाऱ्यात आम्ही दोघंच. ह्यांनी माझी ओढणी धरून ठेवली, उडू नये म्हणून. एवढं केलं. मला त्याचंही रडू आलं, का कोण जाणे.

तेव्हापासून मी मनात मांडत बसलेय. घाई नाही, कारण वाट बघणारं कुणी नाही. घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे, त्या कुंड्यांना पाणी घालतात, आम्ही आठवडाभर उशिरा गेलो तरी कुंड्याही काही म्हणणार नाहीत. फोन आला तर तो बँकेचा. लेक ‘पोचलात का’ विचारते, ‘कधी येताय’ कुणी विचारत नाही. ज्या वेळी जरा थांबले असते तर बरं झालं असतं, त्या वेळी माझा हात धरून फरफटत नेलं, आणि आता थांबून बघायला उरलंय काय, तर भिजलेले दगड. दुपारभर हेच. जेवताना लाल मसुराचं सूप आलं, वर लिंबू पिळायचं, आपल्या वरणाची चुलत बहीण, तर तेही घशाखाली उतरेना.

माझ्याजवळच्या पुस्तकात आहे, पुढे फासेलिस लागतं, तिथे अलेक्झांडर मुक्कामाला राहिला होता. इसवी सनापूर्वी 334-333 चा हिवाळा. जग जिंकायला निघालेला माणूस, तोही थांबला, आणि दारू पिऊन कुठल्याशा दिवंगत नाटककाराच्या पुतळ्याला हार घालून आला. म्हटलं, पुरुषांना ही बुद्धी होते ती अशी, परमुलखात आणि थंडीत.

हे सगळं रात्री दहापर्यंत.

दहानंतर मी अंघोळीची बादली... नाही, इथे बादली नसते, ते तसलं नळकांडं. तर ते करून बाहेर आले, तेव्हा हे पांघरुणात तोंड घालून फोन बघत होते. वाटलं, क्रिकेट. मागून बघितलं तर रस्ता. उद्याचा रस्ता. कल्कान ते काश. बोटानं पुढे सरकवायचे, कड्याचा फोटो यायचा, वळण यायचं, हे थांबायचे. तोंडानं पुटपुटत होते, ‘डावीकडे... परत डावीकडे... हा कठडा केवढासा आहे.’ कापुताशचं वळण आलं. खाली घळ, घळीच्या तोंडाशी इवलीशी पुळण, पाणी असं निळं की खोटं वाटावं, आणि वर रस्ता कड्याला चिकटलेला. तिथे ह्यांनी फोन उलटा करून छातीवर ठेवला आणि डोळे मिटले.

अच्छा.

म्हणजे फेतियेपासून इथवरचा रस्ता खोऱ्यातला, सपाट, रुंद, दोन्ही बाजूंना टोमॅटोची प्लास्टिकची हरितगृहं. तरीही आम्ही पन्नासच्या वर गेलो नाही आणि क्रेटांनी भरलेला एक ट्रक मागे हॉर्न वाजवून वाजवून शेवटी हात जोडून पुढे गेला. स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडून, गिअर उजव्या हाताला, आणि हे जन्मभर ठाण्यात चालवलेले. चहाला थांबायचं, दुसरा चहा, तिसरा चहा. कोनाड्यासमोर उभं राहायचं. तवला बघत बसायचं. मी त्यात वैराग्य शोधत होते, म्हातारपण शोधत होते, आमच्या संसाराचा जमाखर्च मांडत होते, आणि ह्या माणसाला नुसती वळणांची भीती वाटत होती! पाऊस थांबला की बघू! पाऊस थांबू नये म्हणून आत देव पाण्यात घातले असतील.

मला इतकं हसू आलं की परत बाथरूममध्ये जावं लागलं.

कोनाड्याचं मात्र खरं काय ते अजून कळलेलं नाही. तिथे तर गाडी नव्हती. आणि घड्याळाचं आहेच, ते काही कापुताशच्या वळणानं सुटत नाही. ते राहू दे जिथे आहे तिथे.

अडचण अशी की उद्या ऊन पडणार आहे, मी बघितलं. आणि आम्ही पूर्वेकडे निघालोय, म्हणजे समुद्र उजवीकडे, आमची लेनही उजवीकडची, आणि उजवीकडच्या सीटवर मी. दरीत पहिलं कोण बघणार ते ठरलेलंच आहे. मला चालवता येतं, पण ते सुचवलं तर चार दिवस तोंड फुगेल. तेव्हा मी असं करणार आहे: मला फोटो काढायचेत, दर वळणावर, असं सकाळीच जाहीर करायचं. गाडी अगदी हळू ठेवा हो, माझे फोटो हलतात. मागून कुणी हॉर्न वाजवला तर मीच काच खाली करून हात दाखवीन. काशला पोचलो की बायकोच्या फोटोपायी अर्धा दिवस गेला म्हणून हे लेकीला फोनवर सांगतील, आणि ती म्हणेल, आई पण ना.

संत्री चार उरलीत. ती पुढच्या सीटवर घ्यायला हवीत, मागे ठेवली तर घरंगळतात.