शेवट पटला का? तुम्ही विचारलंत म्हणून

ठाण्याच्या पाचपाखाडीतील आमच्या सोसायटीच्या कार्यालयात दोन कपाटांचे एक वाचनालय मी दर रविवारी सकाळी चालवते. पुस्तके बदलायला येणारी मुले, आणि त्यांच्याहून अधिक त्यांचे पालक, मला एकच प्रश्न विचारतात : ‘हॅरी पॉटरचा सातवा भाग द्यावा का? शेवट तुम्हांला पटला का?’ हॅरी पॉटर ही जादूच्या शाळेतील एका मुलाची, जे. के. रोलिंग यांनी लिहिलेली सात भागांची कथा, आणि तिच्या शेवटावरून मुलांची भांडणे अजूनही होतात. रजिस्टरमध्ये नोंद करता करता याचे उत्तर दोन वाक्यांत देणे मला कधीच जमलेले नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. ज्यांनी तो भाग वाचलेला नाही, त्यांनी मात्र इथेच थांबावे.

हा भाग 21 जुलै 2007 रोजी जगभर एकाच वेळी विक्रीला आला. मी तेव्हा महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला होते आणि त्या शनिवार-रविवारी पावसाचे निमित्त करून घराबाहेर न पडता मी 607 पाने संपवली. काय आवडले आणि काय खटकले, याचा माझा निवाडा सोमवारपर्यंत पक्का झाला होता, आणि तो पुढे बारा-तेरा वर्षे तसाच राहिला.

आवडले ते चौतिसावे प्रकरण. आपण मेल्याशिवाय दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्ट मरणार नाही, हे कळल्यावर हॅरी कोणालाही न सांगता एकटा जंगलाकडे निघतो, वाटेत मृतांना बोलावणारा खडा हातात फिरवतो आणि आई, वडील आणि वडिलांचे मित्र सिरियस व ल्युपिन त्याच्यासोबत चालू लागतात. ‘मरताना दुखतं का?’ असे तो एखाद्या लहान मुलासारखा विचारतो. सहा पुस्तकांतील सारी जादू, सारे मंत्र आणि सारी हुशारी तिथे गळून पडते व केवळ चालणे उरते. आमच्या वाचनालयातील प्रत टेबलावर नुसती सोडून दिली, तरी आपोआप याच पानांवर उघडते, इतका तिचा कणा तिथे मोडलेला आहे.

खटकली ती जादूची छडी. शेवटच्या द्वंद्वात व्होल्डेमॉर्टच्या हातात जगातील सर्वांत बलाढ्य छडी असते, परंतु ताबा त्याचा असला तरी मालकी हॅरीची निघते. ती कशी, तर आधी हॅरीचा शाळेतील वैरी ड्रेको याने मुख्याध्यापक डंबलडोरांच्या हातून ती उडवली, म्हणून ती ड्रेकोची झाली. पुढे हॅरीने ड्रेकोच्या हातून त्याची स्वतःची वेगळीच छडी हिसकावली, म्हणून पहिलीही हॅरीची झाली. एवढ्या मोठ्या संग्रामाचा निकाल सातबाऱ्यावरील फेरफाराप्रमाणे लागावा आणि नायकाने शत्रूभोवती फिरत फिरत त्याला ती नोंद वाचून दाखवावी, हे मला पळवाटेसारखे वाटले. मी एकटीच नव्हे. आमच्या प्रतीत त्या परिच्छेदाच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने ‘हे कधी?’ असे लिहून ठेवले आहे.

माझा निवाडा हलवला तो माझ्या भाचीने. ऐरोलीहून मे महिन्याच्या सुट्टीत ती राहायला आली होती आणि तीन आठवड्यांत तिने सातही भाग ओळीने संपवले. छडीविषयीची माझी तक्रार ऐकून ती चकित झाली. ‘अगं मावशी, ड्रेकोनं छडी उडवली ते मागच्याच पुस्तकात नाही का? मनोऱ्यावर?’ तिच्या दृष्टीने ते चार दिवसांपूर्वीचे होते. माझ्या दृष्टीने ते दोन वर्षांपूर्वीचे होते, कारण सहावा भाग 16 जुलै 2005 रोजी आला होता. शिवाय त्या मनोऱ्यावर त्याच रात्री शाळेतील शिक्षक स्नेपने डंबलडोरांना मारले होते, आणि त्यानंतरची दोन वर्षे आम्ही मैत्रिणी ‘स्नेप आपला की त्यांचा’ एवढ्याच प्रश्नावर भांडत होतो. छडी कोणी उडवली, हे कोणाच्या लक्षात राहणार? लेखिकेने गोष्ट उघड्यावर मांडून ठेवली होती. आम्ही दुसरीकडे पाहत होतो.

गंमत अशी की, सातव्या भागात स्नेप आपलाच होता हे उलगडणारे त्याच्या आठवणींचे जे प्रकरण वाचताना मी 2007 साली रडले होते, ते भाचीला ‘ठीक’ वाटले. तिने स्नेपवर संशय घेतला तो जेमतेम आठवडाभर. मला तो दोन वर्षे पुरला होता. म्हणजे ज्या प्रतीक्षेने माझ्यापासून छडी हिरावून घेतली, तिनेच मला स्नेप दिला. एका बैठकीत वाचणारा आणि वाट पाहत वाचणारा यांच्या हाती एकच पुस्तक असले, तरी दोघांना शेवट एकच मिळत नाही, असे मला तेव्हापासून वाटते.

ल्युपिन आणि त्याची बायको टॉन्क्स यांचे मृत्यू मात्र दोघींनाही सारखेच खटकले. ते मरताना आपल्याला दिसतच नाहीत. सभागृहातील मृतांच्या रांगेत एका वाक्यात उरकले जातात.

राहिला ‘एकोणीस वर्षांनंतर’चा उपसंहार, ज्यावर सर्वाधिक वाद होतात. सगळ्यांची लग्ने शाळासोबत्यांशीच झालेली, मुलांना दिवंगतांची नावे, आणि हॅरी पोटापाण्यासाठी काय करतो याचा पत्ताच नाही. (हॅरीचा मित्र रॉन याने परीक्षकावर जादू करून वाहन चालवण्याचा परवाना मिळवला, हे मात्र आवर्जून सांगितले आहे.) कथेत हॅरीच्या आई-वडिलांच्या थडग्यावर कोरलेल्या 1981 या सालावरून हिशेब केला, तर उपसंहाराचा दिवस 1 सप्टेंबर 2017 येतो. तो दिवस खरोखर उजाडला, तेव्हा 29 ऑगस्टच्या पावसाने कोलमडलेल्या लोकल नुकत्या सावरल्या होत्या, आणि त्या रात्री मुलाला निजवून मी ती पाने पुन्हा काढली. उपसंहार मला तेव्हाही कमकुवतच वाटला. परंतु शाळेच्या गाडीत बसण्याआधी हॅरीचा धाकटा मुलगा घाबरून कुजबुजत प्रश्न विचारतो, तेव्हा हॅरी फलाटावर इतका खाली वाकतो की मुलाचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापेक्षा किंचित वर येतो. हे वाक्य मी विशीत असताना माझ्या डोळ्यांखालून नुसतेच गेले होते.

तेव्हा, सातवा भाग अवश्य द्यावा. आमच्याकडे एका सभासदाला एका वेळी एकच पुस्तक मिळते. पण सहावा भाग न्यायला कोणी आले, तर मी सातवाही त्याच नोंदीत चढवते आणि परतीची तारीख एक आठवडा पुढची घालते.