लोणेरे पाहून आलो: प्रवेशाआधीची एक दिवसाची फेरी

इंजिनिअरिंग प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरायला चार दिवस उरले होते आणि रायगडातल्या लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठावरून आमच्या घरात दोन तट पडले होते. लेकीला पेट्रोकेमिकल इंजिनिअरिंग हवं होतं. तिच्या बाबांचं म्हणणं, डोंबिवलीहून रोज जाऊन-येऊन करता येईल असं काहीतरी घे. मी म्हटलं, वाद नंतर घालू, आधी गाव बघून येऊ. मुद्दाम कामाचा दिवस निवडला आणि पाऊस लागलेला असतानाच निघालो. रविवारी उन्हात पाहिलेलं कोकण राहायला जाणाऱ्याच्या काही कामाचं नाही.

दिव्याहून सकाळी सुटणारी सावंतवाडी पॅसेंजर धरली. पनवेल, पेण, रोहा. रोह्यापुढे कोकण रेल्वेची हद्द सुरू होते आणि शहर खऱ्या अर्थाने मागे पडतं. दोन्ही बाजूंना भातलावणी चालली होती. लेक दारापाशी उभी राहून सगळं पाहत होती, आणि मी मनात हिशोब करत होते की हा प्रवास ती एकटी, बॅग घेऊन, महिन्यातून किती वेळा करेल.

लोणेऱ्याला जवळचं स्टेशन गोरेगाव रोड. हे रायगडातलं गोरेगाव, मुंबईतलं नव्हे. तिकीट काढताना नाव नीट पाहा. आम्ही मात्र माणगावला उतरलो आणि तुम्हालाही तेच सुचवेन, कारण तिथे जास्त गाड्या थांबतात. माणगावहून महाडकडे जाणारी एसटी पकडायची, दहा-बारा किलोमीटरवर लोणेरे फाटा. मिनीडोर, म्हणजे शेअर रिक्षाही मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. मुलींसाठी चार वर्षांच्या खर्चात ही बचत लहान नाही.

इथे एक गोष्ट फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ 1989 साली स्थापन झालं, ते इथे लोणेऱ्यात. 2014 च्या कायद्यानंतर ते राज्यभरातली कॉलेजं संलग्न करणारं विद्यापीठ झालं. त्यामुळे यादीत या विद्यापीठाचं नाव असलेली कॉलेजं पुष्कळ दिसतात. त्या कॉलेजांत शिकणं वेगळं आणि लोणेऱ्याच्या आवारात शिकणं वेगळं. संस्थेचा कोड आणि गाव दोन्ही ताडून पाहा. गाडीत भेटलेल्या एका पालकांचा नेमका हाच गोंधळ झाला होता, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

पेट्रोकेमिकल इथेच का, हे तिथे गेल्यावर कळतं. येताना वाटेवर नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना, रोह्याजवळ धाटावची एमआयडीसी, पुढे महाडची. शिकायचं ते सगळं तासाभराच्या टापूत उभं आहे. आवारात दोन सीनियर मुली भेटल्या. त्यांना मी निकालाचे आकडे विचारले नाहीत. विचारलं, "संध्याकाळी सहानंतर तुम्ही काय करता? आजारी पडलात तर कुठे जाता? लाइट गेली तर किती वेळ जाते?" शहराच्या जवळ असणं त्यांना महिन्यातून दोनदा उपयोगी पडतं, बाकीचे दिवस गावावरच काढायचे असतात. मेसचं जेवण, औषधाचं दुकान, हॉस्टेलपर्यंतच्या रस्त्यावरचे दिवे, हे त्या दोघींनी पाच मिनिटांत सांगितलं. माहितीपुस्तकात त्यातलं एकही नसतं. प्रवेश म्हणजे हॉस्टेल नव्हे, त्याचा अर्ज आणि जागा वेगळी विचारा, हेही त्यांचंच सांगणं.

जेवून आम्ही महाडला गेलो. लेकीनेच आग्रह धरला. ज्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकायचं, त्यांनी 20 मार्च 1927 रोजी ज्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते इतकं जवळ असताना न बघता परतणं तिला पटेना. तळ्याच्या काठावर ती बराच वेळ गप्प उभी होती. मीही काही बोलले नाही.

महाडात खोली घेऊन राहायचा विचार काही मुलं करतात. तळमजला घेऊ नका. सावित्री नदीचं पाणी या गावात शिरतं. 22 जुलै 2021 चा पूर आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावात कोसळलेली दरड इथे कोणी विसरलेलं नाही. तिथल्या लोकांच्या बोलण्याने मी हादरले आणि लेकीबरोबर तिथेच एक नियम ठरवून टाकला: रेड अलर्ट असेल तर परीक्षा संपली असली तरी हॉस्टेल सोडायचं नाही, घरी एक दिवस उशिरा आलं तरी चालेल.

परत येताना एसटीने आलो आणि माणगाव-इंदापूरच्या बाजारात वाहनांच्या रांगेत अडकलो. शुक्रवारी संध्याकाळी आणि गणपतीच्या आधी हा महामार्ग टाळावा, रेल्वेच बरी. गणपतीचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, मुलांना सकाळी आठला फोन हातात घेऊन बसायला सांगा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, जुन्या वेळेच्या भरवशावर स्टेशनवर जाऊ नका. पुण्याच्या लोकांना माणगाव-निजामपूर-ताम्हिणी हा रस्ता जवळचा, पण भर पावसात रात्री नको. सोबत छत्रीपेक्षा रेनकोट, आणि कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत.

कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की ती जागा घ्यावीच लागते, त्यामुळे पहिल्या क्रमांकावर तेच लिहा जिथे खरंच राहायचं आहे. रात्री बाबांनी विचारलं, "काय ठरलं मग?" लेकीने लोणेरे पहिल्या क्रमांकावर टाकलं होतं. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला, संस्थेचा कोड माझ्याकडून ताडून घेतला आणि मग दिव्याच्या गाडीची वेळ विचारली.