वारं सुटलं, पण पाऊस कुठाय?

परवा साडेचारला आई गच्चीवरून ओरडली, "अरे वाळवण उचल, तुळजापूरकडं काळं झालंय!" मी खाली लॅपटॉपवर ढगच बघत बसलेलो, कॉम्प्युटरमधला, म्हणून म्हणालो थांब गं, माझा ढग आत्ताशी अर्ध्या तासाचा झालाय, आणि बोलणी खाल्ली. वर पोचेपर्यंत धूळ डोळ्यात, कुरडयांखालचं प्लास्टिक एका कोपऱ्यातनं उचकटून फडफडायलेलं, आणि त्या उकाड्यात एकदम असं गार वारं की अंगावर काटा. पाऊस? मोजून दहा-बारा थेंब. टप्पोरे, पण दहा-बाराच.

सोलापूरकराला यात नवीन काय नाही, मे महिन्यात नुसतं वारंच सुटतं. पण ते गार वारं म्हणजे खरं तर आपल्यापर्यंत न पोचलेला पाऊसच असतो. आपल्याकडं हवा कोरडी, ढगाचा तळ उंच, थेंब खाली येता येता वाटेतच उडून जातात आणि माठासारखी आजूबाजूची हवा गार करतात, मग ती जड हवा धाडकन जमिनीवर आपटते आणि चहूकडं पसरते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत १९४६ ला फ्लोरिडात आणि १९४७ ला ओहायोत युद्धातली विमानं थेट वादळी ढगांत घुसवून मोजमापं घेतली होती (पायलटांची कमाल आहे राव). त्यातनं कळलं की एक ढग वाढतो, कोसळतो, विरतो, सगळा खेळ साधारण तासाभराचा. मग काही वादळं रात्रभर कशी चालतात? तर तेच गार वारं पुढं सरकताना समोरची गरम दमट हवा पाचरीसारखं वर उचलतं, आणि तिथं नवीन ढग उठतो. म्हातारा मरतो, पोरगं उभं राहतं.

हेच मी सीएम१ नावाच्या मॉडेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर ढग घडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघत होतो, अमेरिकेतल्या एनसीएआर या हवामान संशोधन संस्थेच्या जॉर्ज ब्रायन यांनी लिहिलेलं, फुकट मिळतं. हवेत एक कोमट फुगा सोडायचा, आजूबाजूपेक्षा एखादा अंश गरम, आणि लॅपटॉप रात्रभर तापू द्यायचा. (आतली हवा तिकडच्या मैदानी वादळांची ठराविक असते, सोलापूरची नाही, हे आधीच सांगतो.) पहिल्या रनमध्ये वारा शून्य ठेवला तर ढग झकास वाढला, पाऊस पडला, आणि त्याचीच गार हवा सगळीकडं पसरून खालनं येणारी गरम हवा तुटली, संपला. दुसऱ्यांदा वर जाईल तसा वारा वाढता ठेवला तर कडेला एकामागनं एक नवीन ढग. पावसाचं बाष्पीभवन कोडमधनं बंद केलं की ते नवीन ढगही बंद.

यातला तोल १९८८ मध्ये रोटुनो, क्लेम्प आणि वाइसमन या हवामानशास्त्रज्ञांनी मांडला. गार हवेच्या पुढच्या टोकाला हवा एका बाजूला गुंडाळते, वर-खालच्या वाऱ्यातला फरक तिला उलट्या बाजूला गुंडाळतो. दोघं तुल्यबळ असले तर हवा सरळ वर चढते, गार हवा वरचढ ठरली तर वर चढणारी हवा मागं कलंडते आणि नवीन ढगाला दम राहत नाही. सगळ्यांना हे पटलेलं नाही, वाद अजून चालू आहे, पण माझ्या रनमध्ये तरी दिसलं.

मित्राला दाखवलं तर त्याचा एकच प्रश्न, "मग पाऊस पाडता येतोय का बे?" त्याला सांगितलं, २०१८ आणि २०१९ ला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं आपल्या सोलापुरातच ढगांत बीजं पेरायचे प्रयोग केलेत, त्यांना विचार.

असो. परवा वारं थांबल्यावर मी शहाणपणा करून कुरडया परत पसरल्या, म्हटलं ढग मेला, आता काय येत नाही. सात वाजता अक्कलकोट रोडकडनं दुसरा आला. पहिल्याच्याच गार वाऱ्यानं उठवला असेल का, सांगता येत नाही, माझ्याकडं रडार नाही. कुरडया मात्र अजून हॉलमध्ये पंख्याखाली आहेत आणि आई माझ्याशी ढगांबद्दल बोलत नाही.