वाबाशाचे गरुड

आज आईला घेऊन अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या वाबाशाला गेले. मिसिसिपीकाठचं चिमुकलं गाव, जुन्या विटांच्या इमारती, डकोटा या मूळनिवासी जमातीच्या प्रमुखांचं नाव लावणारं. समोर चुनखडीचे उंच कडे. वाहत्या प्रवाहामुळे इथे भर थंडीतही नदी पूर्ण गोठत नाही, म्हणून माशांसाठी बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, जमतात.

एक तर अगदी जवळच्या झाडावर होता. पिवळीधमक चोच, पंजाखाली मासा, खवले खाली बर्फावर पडत होते. आई थर्मासचं झाकण हातात धरून बघतच राहिली. "अगं, आपल्या घारीपेक्षा केवढा मोठा!"

डीडीटी या कीटकनाशकामुळे हे पक्षी संपत आले होते. १९७२ मध्ये अमेरिकेत त्यावर बंदी आली, २००७ मध्ये ते धोक्याच्या यादीतून बाहेर पडले. आईला हे सांगताना माझाच गळा दाटून आला. चहा तसाच गार झाला.