नेब्बिओलो आणि नेरेल्लो: फिक्या रंगाच्या दोन वाइन शेजारी शेजारी

सांजोवेसे हे इटलीतलं लाल वाइनचं द्राक्ष बऱ्यापैकी ओळखीचं झालं, म्हणून आता वायव्य इटलीतल्या पिएमोन्तेचा नेब्बिओलो आणि सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या उतारावरचा नेरेल्लो मास्कालेझे हे द्राक्षांचे दोन वाण हातात घेतलेत. ग्लासात दोन्ही इतके सारखे दिसतात की नुसत्या नजरेवर अजिबात विसंबू नये.

नेब्बिओलोचा ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. मधे फिका लाल आणि कडेला, वाइन तरुण असली तरी, विटकरी झाक. या द्राक्षातली रंगद्रव्यं टिकाऊ नसतात, म्हणून रंग लवकर उतरतो. टॅनिनचा, म्हणजे तोंड आवळणाऱ्या तुरट घटकाचा, मात्र त्या रंगाशी काही संबंध नाही. घोट घेतला की आधी गुलाबाचा आणि चेरीचा वास, मागून किंचित डांबर, आणि मग वरच्या हिरड्या अशा आवळतात की जीभ दातांवर फिरवावीशी वाटते. बारोलो या नेब्बिओलोच्याच वाइनला बाजारात येण्याआधी किमान ३८ महिने मुरवायचा नियम आहे, त्यातले १८ लाकडात. तो का आहे हे त्या तुरटपणावरूनच उमगतं. तिच्या शेजारच्या बार्बारेस्को या वाइनला २६ महिने पुरतात. सरावासाठी मी त्याच भागातली साधी 'लांगे नेब्बिओलो'च घेतो: द्राक्ष तेच, भाव कमी, वाट पाहणंही कमी.

नेरेल्लोचा तुरटपणा बारीक दळलेला. तो हिरड्यांपेक्षा जिभेच्या मधोमध जाणवतो, आणि आंबटपणा लख्ख असतो. वासात आंबट चेरी, वाळलेला पाला, थोडा धूर. 'एटना रोस्सो' या तिथल्या लाल वाइनमध्ये हा वाण किमान ८० टक्के लागतो, उरलेल्यात बहुधा नेरेल्लो कापुच्चो हा दुसरा वाण. तिथल्या काळ्या, वाळूसारख्या मातीत वेलीची मुळं पोखरणाऱ्या फिलॉक्सेराच्या किडीचा जोर चालत नाही, त्यामुळे कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवरच्या जुन्या वेली काही मळ्यांत अजून उभ्या आहेत. मला या वाणाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याच गोष्टीमुळे.

डोळे झाकून चाखताना आता मी रंग विचारातच घेत नाही. तुरटपणा तोंडात कुठे बसतो तेवढं बघतो. गुलाब आणि हिरड्या म्हणजे नेब्बिओलो, धूर आणि जीभ म्हणजे नेरेल्लो. बहुतेकदा जमतं. वाइन गार हवी, १६-१७ अंशांच्या आसपास. आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाला दोन्हींत अल्कोहोलच नाकात शिरतं आणि फरक पुसला जातो. नेब्बिओलो तासभर आधी डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागावी म्हणून वापरायच्या रुंद काचपात्रात, ओतून ठेवा, नेरेल्लोला एवढी हवा लागत नाही.

सांजोवेसे आपल्याकडे अकलूजला फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या मळ्यांत वाढतं, त्यामुळे त्याचा सराव सोपा होता. नेब्बिओलो इटलीतही वायव्येच्या डोंगरांबाहेर फारसा रमत नाही, तेव्हा बाटली बाहेरूनच आणावी लागते. पुढचा नंबर दक्षिण इटलीतल्या काम्पानियाच्या तौराझी वाइनचा. तिथला आल्यानिको हा वाण रंगाने गडद, तुरटपणात नेब्बिओलोच्या तोडीचा. कुणी प्यायलं असेल तर किती वर्षांची बाटली घ्यावी ते सांगा.