पहिलं विमान: सुखोई बाजूला, ट्रेनर नक्की

नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात सुखोई लढाऊ विमानं तयार होत आलीत, त्यामुळे आमच्याकडच्या पोरांना विमान म्हटलं की तेच दिसतं. भाच्याला पहिलं रिमोट कंट्रोलचं विमान घ्यायचं होतं, तर त्यालाही डक्टेड फॅनचं, म्हणजे नळीतल्या पंख्यावर उडणारं जेटच हवं होतं. मी म्हणत होतो ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचं साधं विमान घे. "मामा, ते ट्रेनर किती बावळट दिसतं!" हा वाद दिवाळीपासून चालू होता, तो एकदाचा मिटला.

मिटला तो आकडेमोडीनं. उडताना विमानाचं जे वजन असेल त्याला पंखाच्या क्षेत्रफळानं भागायचं. पंख 1.2 मीटर लांब आणि 20 सेंटिमीटर रुंद म्हणजे 24 चौरस डेसिमीटर. बॅटरीसकट वजन 900 ग्रॅम धरलं, तर दर चौरस डेसिमीटरवर साडेसदतीस ग्रॅम भार. तेवढ्याच वजनाच्या जेटचा पंख याच्या निम्मा धरा, की भार 75 वर गेला. भार दुप्पट झाला की स्टॉल न होता, म्हणजे पंखांची उचल न सुटता, उडायला लागणारा किमान वेग 2 च्या वर्गमूळाइतका, म्हणजे सुमारे 1.4 पट वाढतो. रिमोटची स्टिक कुठं वळवायची याचाच ज्याला अजून विचार करावा लागतो, त्यानं हा वेग सांभाळायचा कधी? वर्गमूळ भाच्यानंच काढलं आणि गप्प बसला.

तर ठरलं ते असं: पंख धडाच्या वर, दोन्ही टोकं किंचित उचललेली, म्हणजे विमान कलंडलं तरी स्टिक सोडल्यावर आपणहून सरळ व्हायला बघतं. अंग ईपीओ फोमचं. हा फोम तुटला तर फेविक्विकनं जागेवर चिकटतो. साधं थर्माकोल त्याच फेविक्विकनं विरघळतं. मोटर ब्रशलेस, बॅटरी 3 सेलची 2200 एमएएच लायपो (लिथियम-पॉलिमर). पहिल्या विमानात मी दिसण्यापेक्षा दुरुस्ती आधी बघतो. सुटा पंख आणि प्रॉप (मोटरवर फिरणारा पंखा) वेगळे मिळत नसतील तर ते विमान स्वस्त असूनही महागच.

तीन चॅनल की चार, म्हणजे रिमोटवरून किती गोष्टी हलवायच्या, यावर आमच्या ग्रुपमध्ये दोन तट आहेत. तीन चॅनलमध्ये रडरवर, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूवर वळायचं, शिकायला सोपं. मी तरी चारचाच सल्ला देतो. एलेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांची) सवय उजव्या हाताला सुरुवातीलाच लागली की पुढचं विमान परकं वाटत नाही. विमान आपोआप स्थिर ठेवणारा जायरो असेल तर उत्तम, पण तो बंद करायचा स्विच ट्रान्समीटरवर, म्हणजे हातातल्या रिमोटवर हवाच.

सध्या सगळी प्रगती सिम्युलेटरवर. ट्रान्समीटर यूएसबीनं कॉम्प्युटरला जोडलाय, मोड 2 मध्ये, म्हणजे एलेरॉन उजव्या स्टिकवर. विमान आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं होतं, तिथं भाचा गडबडायचा. मग एकच सांगितलं: जो पंख खाली झुकलाय, स्टिक त्याच बाजूला ढकल. आता बहुतेक वेळा जमतंय.

जागेचं म्हणाल तर देवळाली, गांधीनगर आणि ओझर या लष्कराच्या आणि विमानतळांच्या बाजू डोक्यातून काढूनच टाकल्या. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरच्या नकाशावर हिरवा भाग बघायचा, तिथंही 400 फुटांच्या खाली. गिरणाऱ्याकडे ओळखीतलं टोमॅटोचं रान मोकळं होतंय. बांबू आणि तारा निघाल्या की जाऊन बघू. द्राक्षबागेशेजारची जागा मी घेत नाही. बागेतल्या लोखंडी अँगलवर आणि ताणलेल्या तारांवर उतरलेल्या पंखाचे तुकडे गोळा करायला मालक आत सोडेलच असं नाही, आणि का सोडावं त्यानं!

पहिलं उड्डाण संक्रांतीनंतरच. येवल्याइतकी नसली तरी नाशकातही पतंगबाजी जोरात असते, आणि प्रॉपच्या शाफ्टला मांजा गुंडाळला की मोटर जाम होऊन ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, जळू शकतं. तोवर बॅटरी दर सेलला 3.8 व्होल्टवर ठेवली आहे. जादा प्रॉप मागवलेत. विमान आलं की आधी पुस्तिकेतल्या खुणेवर गुरुत्वमध्य तपासायचा, मग एलेरॉनची दिशा. पहिला टेकऑफ मी करणार, उंची मिळाली की ट्रान्समीटर त्याच्या हातात. लँडिंगचं अजून ठरायचंय, तो म्हणतो, "तेही मीच करणार."