जुना फोन विकताना

तीन हजार दोनशे रुपये ठरले. चार वर्षं वापरलेला फोन, काचेच्या कोपऱ्याला तडा, बॅटरी दुपारीच मान टाकणारी. त्या मानानं भाव वाईट नव्हता. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानदारानं फोन उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "ऱ्हावू दे की काका इथंच, रिसेट मारतो दोन मिनिटांत." 'काका' जरा लागलंच. पण फोन परत मागून घेतला त्याचं कारण वेगळं होतं. नेमका त्याच वेळी स्क्रीनवर बँकेचा मेसेज येऊन पडला, शिल्लक रकमेसकट, आणि आम्ही दोघांनी तो वाचला.

"उद्या आणून देतो," म्हणालो. ते उद्या चार दिवसांनी उजाडलं.

रात्री गॅलरी उघडली. आईच्या पासबुकाचं पहिलं पान, पोरीच्या शाळेचं ओळखपत्र, बायकोचे रक्ताचे रिपोर्ट, दोन कोऱ्या चेकचे फोटो (का काढले असतील, देव जाणे), सातबारा, आणि माझं आधार पुढून-मागून तीनदा. फोन कसला, घरातलं लोखंडी कपाटच ते, आणि मी ते किल्लीसकट काउंटरवर ठेवून येणार होतो.

फोटो हार्ड डिस्कवर घेतले. यूपीआयची ॲपं नव्या फोनवर चालू करून जुन्यातून काढली. ओटीपीचे आकडे दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप मात्र आठवणीनं आधी हलवावं लागतं. जुना फोन पुसून बसलात तर आपल्याच खात्याच्या दारात उभं राहायची वेळ येते. व्हॉट्सॲपनं थोडा वेळ घेतला. मेसेज जाता-येता कुलूपबंद असतात हे ठाऊक होतं, पण गूगल ड्राइव्हवर जाणाऱ्या बॅकअपला तेच कुलूप आपण स्वतः लावावं लागतं, हे तेव्हा कळलं. ती सोय २०२१ पासून आहे. सेटिंगमध्ये चॅट बॅकअपखाली मिळते. पासवर्ड विसरला तर तो बॅकअप कुणालाच उघडता येत नाही, म्हणून तो वाणसामानाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलाय. तिथं चोर बघणार नाही, असा हिशोब.

माझा एक मित्र म्हणाला, रिसेट करून फोन लग्नाच्या व्हिडिओनं काठोकाठ भर, मग परत रिसेट कर, म्हणजे जुनं काही निघत नाही. जुन्या फोनसाठी हे ठीक होतं. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेले आणि त्यापुढचे फोन आतला मजकूर मुळातच सांकेतिक करून साठवतात. रिसेट केला की तो उलगडणारी किल्ली नष्ट होते आणि मागं उरतो तो निरर्थक भुसा. लग्नाचा व्हिडिओ भरायचा खटाटोप वाचला.

गोंधळ भलतीकडेच झाला. ऐन वेळी फोन अडकला, म्हणून पॉवर आणि आवाजाचं बटण दाबून मागच्या दारानं रिसेट केला. चालू केला तर समोर प्रश्न: आधीचं गूगल खातं टाका. चोरीचा फोन कुणी वापरू नये म्हणून ठेवलेलं ते कुलूप. सेटिंगमधून, स्क्रीनचा पिन टाकून सरळ रिसेट केलं असतं तर पडलं नसतं. खातं टाकलं, आत गेलो, आणि या वेळी शहाण्यासारखा सेटिंगमधून रिसेट केला. हेच दुकानात झालं असतं तर पासवर्ड त्याच्या डोळ्यांदेखत टाकावा लागला असता.

सिमचा ट्रे उघडायला सेफ्टी पिन घातली आणि सिमशेजारून मेमरी कार्ड बाहेर आलं. हे तर मी विसरूनच गेलो होतो. आधीच्या फोनमधून काढून यात घातलेलं. संगणकाला लावलं तर पासवर्ड नाही, काही नाही, सगळं उघडं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या घरात पाणी शिरलं होतं, तेव्हा पंचनाम्यासाठी काढलेले फोटो होते त्यात: पलंगावर वाळत घातलेलं रेशनकार्ड, घराचं खरेदीपत्र पानोपान, शाई पसरलेली पण नंबर वाचता येणारे. रिसेट त्या कार्डाला शिवलाच नव्हता.

चौथ्या दिवशी दुकानात गेलो. त्याला माझं आधार हवं होतं. मागणी रास्त आहे, उद्या चोरीचा माल निघाला तर पोलीस त्यालाच विचारणार. मी यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवून ठेवलं होतं. त्यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. (फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. म्हणजे आख्ख्या भावकीला ठाऊक.)

"ह्ये आकडं कुणी खोडलं?"

"सरकारनंच."

त्यानं दोनदा बघितलं आणि मानलं. मग मी स्टार-हॅश-झिरो-सिक्स-हॅश दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, पावतीवर लिहून घेतला, तारीख, वेळ, त्याची सही. फोन पुढं कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. राहिली फक्त आधारची झेरॉक्स.

गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सवाला आहे. "व्हॉट्सॲपला टाका," तो सवयीनं म्हणाला. मी पेन ड्राइव्ह पुढं केला. त्यानं तो लावला आणि माझी नजर त्याच्या स्क्रीनवर गेली. लग्नपत्रिका, ऊसबिलं, भाडेकरार, आणि मधे कुणाकुणाची आधारं, ओळीनं. माझं आडनाव शोधायला लावलं. निघालं. पोरीच्या ॲडमिशनच्या वेळी मीच पाठवलेलं, बाराच्या बारा आकडे.

"काढून टाका की तेवढं."

त्यानं काढलं.

"रिसायकल बिनमधून पण."

तेही काढलं. मग खुर्ची वळवून त्यानं माझ्यामागची रांग बघितली आणि विचारलं, "तुमचं एकट्याचंच काढायचं, का सगळ्यांचं?"

मागून एक मावशी म्हणाल्या, "माझं ऱ्हावू दे रं, परत लागतंय."